वैशाखातल्या लग्नाची फुलं : मुहूर्तापासून मागे मोजत

वसंत पंचांगात कितीही देखणा असला तरी ठाण्यात तो घामाने निथळत येतो. चैत्र-वैशाखात पारा पस्तिशीच्या आसपास, खाडीची दमट हवा, दुपारी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी चटका बसेल इतकं तापलेलं, आणि नेमके याच दिवसांत मुहूर्त दाटीवाटीने. त्यात नवरीकडची मंडळी मोबाइलवर थंड देशातल्या लग्नाचे फोटो घेऊन येतात. ट्यूलिप, हायड्रेंजिया, पिओनी. मागवता येतात, पैसे मोजले की सगळं येतं. पण एप्रिलमध्ये घोडबंदर रोडवरच्या उघड्या लॉनवर ती संध्याकाळपर्यंत उभी ठेवणं वेगळं.

लग्नाच्या कामात फुलं निवडायला सगळ्यात जास्त वेळ जातो आणि खरं तर तोच सोपा भाग आहे. काम बिघडतं ते वेळेत. लिली उमलायला तीन-चार दिवस घेते, गुलाबाला एक-दोन दिवस लागतात, झेंडू आदल्या दिवशीचा चालतो, मोगरा त्याच दिवशीचा लागतो आणि सोनचाफा तर सकाळचा दुपारी तपकिरी पडायला लागतो. म्हणून कागद घ्या, मुहूर्ताची वेळ सगळ्यात खाली लिहा आणि तिथून वर मोजत जा. पुढचं सगळं त्या कागदावर बसवायचं आहे. घरून काम करणाऱ्या किंवा लहान दुकान असलेल्या माणसाला झेपेल असं एक लग्न डोळ्यांपुढे ठेवलं आहे: दीड-दोनशे पानांचं, एक स्टेज, एक लग्नमंडप, हार-गजरे आणि आदल्या दिवशीची हळद.

महिनाभर आधी : विचारायचं ते आधीच विचारा

पहिल्या भेटीत रंगांवर बोलायला सगळ्यांना आवडतं. तुम्ही मात्र हॉल किती वाजता ताब्यात मिळणार ते विचारा. आदल्या रात्री तिथे दुसऱ्यांचं रिसेप्शन असेल तर सकाळी सहाच्या आत कोणी दार उघडत नाही, आणि मुहूर्त साडेदहाचा असेल तर तुमच्या हातात उरतात जेमतेम अडीच-तीन तास. कारण फोटोवाला नऊलाच स्टेजसमोर उभा असतो. एवढ्या वेळात स्टेजची चौकट फुलांनी जागेवर भरणं शक्य नसतं. ती तुकड्यातुकड्यांनी घरी तयार करून नेऊन फक्त जोडावी लागते. म्हणजे सजावट कशी दिसेल हे हॉलच्या वेळेवर ठरतं.

मग हॉल प्रत्यक्ष बघून या. मालाची लिफ्ट आहे का, की पाहुण्यांच्या लिफ्टमधून बादल्या न्यायच्या? नळ कुठे आहे? एसीचा झोत नेमका कुठे पडतो? गार हवा फुलांना चांगली असं वाटतं, पण एसीची हवा कोरडी असते. झोतासमोर ठेवलेली जिप्सी, म्हणजे भरावाची बारीक पांढरी फुलं, दोन तासांत कुरकुरीत होते. लॉन असेल तर संध्याकाळचा वारा कोणत्या बाजूने येतो ते माळ्याला विचारा, तो बरोबर सांगतो.

गुरुजींची यादी वेगळी मागून घ्या. ही यादी यजमान बहुतेक वेळा विसरतात आणि मुहूर्ताच्या दिवशी सकाळी फोन येतो, ‘अहो दादा, तुळस आणली का?’ सुटी फुलं, तुळस, दूर्वा, विड्याची पानं, आंब्याचे डहाळे, कलशासाठी पल्लव, देवकाच्या वेळची फुलं, गौरीहराजवळची फुलं. पैशाने ही यादी किरकोळ आहे, पण यातलं एखादं पान नसेल तर विधी थांबतो. स्टेजवरचे चार गुलाब कमी पडले तर कोणी थांबत नाही. शिवाय प्रत्येक घराची रीत निराळी. आगरी-कोळी घरात हळदीचाच मांडव लग्नाच्या तोडीचा असतो, आणि तिथे फुलांइतकाच हिरव्या डहाळ्यांना मान. घरातल्या एखाद्या मावशी-आत्याशी बोलून घ्या. नवरा-नवरीला यातलं फारसं माहीत नसतं.

अंदाजपत्रक देताना फुलांचा भाव एका आकड्यात बांधून घेऊ नका. गुढीपाडवा, रामनवमी, हनुमान जयंती, अक्षय्य तृतीया या दिवसांच्या आगेमागे झेंडू आणि शेवंतीचा भाव कुठच्या कुठे जातो. अक्षय्य तृतीयेला तर सणही आणि लग्नंही. कागदावर तीन रकाने करा: फूल, ते मिळालं नाही तर त्याऐवजी काय, आणि मजुरी. मधल्या रकान्यावर यजमानांची सही घ्या. निम्मी रक्कम आधी घ्यायला लाजू नका, बाजारात फुलवाला तुम्हाला उधार देत नाही.

यादी आणि माप

हार दोन. विहीण-व्याह्यांचे, मामांचे, मानाचे हार वेगळे मोजा. मुंडावळ्या दोन जोड. नवरीची वेणी किंवा आंबाड्याभोवतीची जाळी, करवल्यांचे गजरे, आणि वर ‘वाटायचे’ गजरे. या शेवटच्या आकड्यात नेहमी गफलत होते. बायका किती येणार ते विचारून थोडे वाढवूनच धरा. उरलेला गजरा कोणीतरी नेतो, कमी पडलेला मात्र लग्नानंतरही ऐकवला जातो.

झेंडू किलोवर घेतो आणि माळा फुटांवर लावतो, त्यामुळे इथे अंदाज हमखास चुकतो. यावर सोपा उपाय आहे. पाव किलो झेंडू आणा, हव्या तेवढ्या दाटीने ओवा, आणि किती फूट माळ झाली ते मोजा. तो आकडा तुमच्या हाताचा, तुमच्या दाटीचा. त्यावरून सगळा हिशोब करा आणि वर दहा-पंधरा टक्के वाढवा, कारण गोणीत तळाची फुलं दबलेली निघणारच. दुसऱ्या कोणाचा ‘किलोला इतके फूट’ हा हिशोब वापरू नका. झेंडूचा आकार दर आठवड्याला बदलतो.

हाराचं माप घेताना नवऱ्याची उंची सगळे विचारतात, फेटा कोणी विचारत नाही. हाराचा गळा फेट्यावरून सहज उतरायला हवा. मुंडावळ्या बांधलेल्या, वर फेट्याचा तुरा, त्यात हार अडकला की अंतरपाट दूर झाल्याचा तो एक क्षण ओढाताणीत जातो. नवरीच्या बाजूलाही तेच: आंबाडा, त्यावर वेणी, त्यावर दागिना. हार घातल्यावर कमरेच्या किंचित खाली यावा, एवढी लांबी पुरे. आणि जड करू नका. नुसत्या गुलाबांचा भरगच्च हार फोटोत छान दिसतो, पण नवरीला तो गळ्यात घेऊन किती वेळ उभं राहायचंय याचा विचार हार करणाऱ्यानेच करायचा असतो. शिवाय मित्रमंडळी नवऱ्याला उचलून घेणार, नवरी हार उडवणार, झेलणार. गाठ पक्की असू द्या.

कोणतं फूल, कशासाठी

वैशाखात आपल्याकडची उन्हाळी फुलं ऐन भरात असतात. विक्रमगड-जव्हारकडचा आणि वसईचा मोगरा, वसईचाच सोनचाफा, निशिगंध, झेंडू. या फुलांना उकाडा परका नाही. लग्नाचा गाभा त्यांच्यावरच उभा करावा आणि गुलाब, जरबेरा, कार्नेशन, ऑर्किड ही मंडळी नजर जाईल तिथेच, मोजकी लावावी असं माझं मत आहे. त्यात खर्च वाचतो, पण त्याहून मोठं कारण म्हणजे दुपारी तीन वाजता स्टेज कसं दिसतं ते.

निशिगंधात एकेरी आणि दुहेरी असे दोन प्रकार येतात. हारासाठी एकेरीच्या सुट्या कळ्या घ्या, वासही तिलाच जास्त. दुहेरीचे दांडे फुलदाणीत शोभतात. गुलाब तळेगाव दाभाड्याकडच्या पॉलीहाऊसचा लांब दांड्याचा येतो, तो स्टेजसाठी. पाकळ्यांसाठी मात्र गावठी गुलाब घ्या, स्वस्त आणि सुवासिक. पॉलीहाऊसच्या गुलाबावर औषधं मारलेली असतात, त्याच्या पाकळ्या सरबतावर, मिठाईवर किंवा पंगतीत ताटाला लागून ठेवू नका. केटरर मागायला येईल, देऊ नका.

अबोलीला वास नाही, पण ती कोमेजायचं नाव घेत नाही. नवरीची वेणी अबोली आणि मोगऱ्याची केली तर रात्रीच्या फोटोतही रंग जागेवर असतो. सोनचाफा स्टेजला लावायचं फूल नव्हे. पाच-सात फुलं केसांत किंवा ओटीच्या ताटात, बस्स. बोट लागलं की पाकळीवर डाग उमटतो. लिली हवीच असेल तर तिचे परागकोश उमलतानाच काढून टाका. तो पिवळा-तपकिरी पराग शालूला लागला तर पाण्याने पुसू नका, पसरून पक्का होतो. चिकटपट्टी हलक्या हाताने दाबून उचला. ही चिकटपट्टी मी करवलीच्या पर्समध्येच ठेवायला सांगतो.

बाजार : हात घालून बघा

ठाण्यातल्या माणसापुढे दोन वाटा असतात. दादर पश्चिमेची मीनाताई ठाकरे फूल मंडई, नाहीतर कल्याणच्या कृषी उत्पन्न बाजार समितीचा फूल बाजार. सुटी फुलं, झेंडू, शेवंती मोठ्या प्रमाणात हवी असतील तर कल्याण बरं पडतं. गुलाबाच्या गड्ड्या, ऑर्किड, परदेशी पाला आणि सगळा बारीकसारीक ऐवज एका जागी हवा असेल तर दादर. ऐन वेळी कमी पडलेली दोन-चार किलो फुलं जांभळी नाक्यावर मिळतात, भाव किरकोळीचा लागतो हे धरून चाला. पहाटे चारच्या सुमारास पोहोचलात तर निवड करता येते. सहाला पोहोचलात तर उरलेलं मिळतं. लोकलने येत असाल तर मालडबा, आणि तोही गर्दीच्या आधी. कापूरबावडीला अडकलेल्या बंद टेम्पोत फुलं शिजतात.

झेंडूची गोणी वरून बघून घेऊ नका. मनगटापर्यंत हात मधोमध घाला. आत ऊब लागली तर फुलं तापलेली आहेत, संध्याकाळपर्यंत पाकळ्या गळतील. हात बाहेर काढून वास घ्या. ताज्या झेंडूचा वास उग्र पण स्वच्छ असतो, कुजायला लागलेल्याला आंबूस झाक येते. पावसाने किंवा पाणी मारून भिजलेला झेंडू वजनाला जास्त आणि टिकायला कमी.

गुलाबाची कळी बोटांच्या चिमटीत, देठाच्या अगदी वर, जिथे पाकळ्या एकत्र येतात तिथे हलकी दाबा. टणक लागली तर ताजी. मऊ पडली असेल तर तिच्या बाहेरच्या पाकळ्या काढून तिला ताजी ‘केलेली’ असते. बाहेरच्या दोन-तीन पाकळ्या हिरवट, डागाळलेल्या असतील तर घाबरू नका. कळी राखायला त्या मुद्दाम ठेवतात, सजावटीच्या वेळी काढायच्या. जरबेराच्या मधल्या चकतीकडे बघा. परागाचं बाहेरचं एखाद-दुसरं कडंच फुललेलं असावं. सगळी चकती पिवळ्या भुकटीने भरली असेल तर फूल म्हातारं आहे. निशिगंधाचा दांडा उलटा करून झटका, खालच्या कळ्या गळल्या तर पुढच्या गाळ्यावर जा.

तीन दिवस आधीपासून : पाणी

पुढचं वेळापत्रक सकाळच्या मुहूर्ताचं आहे. लिली तीन-चार दिवस आधी आणा, कार्नेशन दोन-तीन दिवस आधी, गुलाब दोन दिवस आधी, जरबेरा, ऑर्किड, जिप्सी आणि झेंडू आदल्या दिवशी, निशिगंध, मोगरा, सोनचाफा त्याच पहाटे. पाला आदल्या दिवशी.

दांड्याचं फूल घरी आलं की पहिलं काम बादली घासणं. फुलांना मारतात ते बुरशी आणि जिवाणू. देठाच्या नळीत त्यांचा चिकट थर बसतो आणि पाणी वर चढत नाही. त्यामुळे बादली भांड्याच्या साबणाने घासून, ब्लीचच्या पाण्याने विसळून घ्या. पाण्यात बुडेल तेवढ्या देठाची पानं काढा. मग देठ पाण्याखाली धरून, धारदार सुरीने तिरका, इंचभर कापा. कात्री देठ चिरडते. पाण्याखाली का? हवेत कापलं की नळीत हवेचा बुडबुडा शिरतो आणि गुलाबाची मान टाकली जाते. अशी मान टाकलेला गुलाब फेकू नका. पुन्हा कापून, अख्खाच्या अख्खा कोमट पाण्यात तासभर आडवा बुडवून ठेवा. बरेच वेळा उठून उभा राहतो.

पाण्यात घालायची पुडी बाजारात मिळते. नसेल तर एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा साखर, दोन मोठे चमचे लिंबाचा रस आणि पाव चहाचा चमचा ब्लीच. साखर खाद्य, लिंबू पाणी आंबट करून वर चढायला मदत करतं, ब्लीच जिवाणू रोखतं. लिंबू आणि ब्लीच एकमेकांत थेट ओतू नका, वायू सुटतो. दोन्ही वेगवेगळे पाण्यात घाला. तांब्याचं नाणं, डोकेदुखीची गोळी, असले उपाय सांगणारे खूप भेटतील. त्यात वेळ घालवण्यापेक्षा रोज पाणी बदला.

एक अपवाद जरबेराचा. त्याचा देठ लवेचा आणि पोकळ, खोल पाण्यात कुजतो. त्याला बादलीत चार बोटंच पाणी द्या आणि मान सरळ राहावी म्हणून पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यातून देठ खाली सोडा. ऑर्किडच्या देठाला पाण्याची छोटी नळी लावूनच येते, ती तपासून भरून घ्या. ऑर्किड आणि अँथुरियम फ्रिजमध्ये ठेवू नका. दहा-बारा अंशांच्या खाली ती काळवंडतात. गुलाब-कार्नेशनला उलट दोन ते पाच अंश मानवतं, पण घरगुती फ्रिजमध्ये ती ठेवायची तर त्यातली फळं आधी बाहेर काढा.

फळांची गोष्ट निघालीच आहे तर आंब्याची पेटी. वैशाखात ठाण्यातल्या कुठल्या घरात पलंगाखाली हापूसची अढी नसते? पिकणारा आंबा इथिलीन वायू सोडतो, आणि तोच वायू फुलांना अकाली म्हातारं करतो. कार्नेशन, ऑर्किड, जिप्सी यांना त्याचा सगळ्यात जास्त त्रास. कार्नेशन उमलायच्या ऐवजी आत मिटतं, आणि एकदा मिटलं की उघडत नाही. सकाळी फुलवाल्याच्या नावाने खडे फोडले जातात आणि दोषी पलंगाखाली असतो. आंबे एका खोलीत, फुलं दुसऱ्या खोलीत, मधलं दार बंद. केळीच्या घडाचंही तेच.

फुलांची खोली घरातली सगळ्यात अंधारी आणि गार निवडा. पंखा फुलांवर सोडू नका. पाणी सकाळी भरून ठेवा, दुपारनंतर टाकीतलं कढत येतं.

पाला आणि चौकट

आंब्याचे डहाळे तोडल्यावर धुऊन ओल्या गोणपाटात गुंडाळा, नाहीतर दुसऱ्या दिवशी पानं कडेने वळतात. अशोकाची पानं जास्त सोशिक. केळीचे खांब कंदासकट आणले आणि बुडाशी पाणी ठेवलं तर दोन दिवस ताठ राहतात.

फुलं खोचायला सगळे हिरवा फोम वापरतात. वापरायचाच असेल तर तो पाण्यावर नुसता ठेवा, आपोआप बुडू द्या. हाताने दाबला की आत कोरडा गाभा राहतो आणि नेमकी तिथे खोचलेली फुलं आधी मान टाकतात. एकदा सुकलेला फोम पुन्हा पाणी धरत नाही. तो कुजतही नाही, त्याचा चुरा होऊन नाल्यात जातो. आपल्याकडे त्याहून जुनी आणि चांगली सोय आहे: केळीच्या खांबाचे आडवे तुकडे. आतून पाण्याने भरलेले, फूल खोचलं की घट्ट धरतात, आणि काम झालं की खत. दांडा मऊ असेल, जरबेरासारखा, तर आधी बांबूच्या काडीने भोक पाडून घ्या. मोठ्या चौकटीसाठी कोंबड्यांची जाळी गुंडाळून त्यात ओलं शेवाळ भरता येतं. नवरा-नवरीची नावं थर्माकोलमध्ये कापून देऊ नका. महाराष्ट्रात 23 मार्च 2018च्या अधिसूचनेने सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली. जाड पुठ्ठ्याची अक्षरं करून त्यावर शेवंती चिकटवली तर दिसायलाही बरी.

आदला दिवस : ओवणं

सकाळी झेंडू येतो. गोणी लगेच उपडी करा, सुती चादरीवर पातळ पसरा, पाणी मारू नका. ढीग ठेवलात की तासाभरात आतून तापतो. हळदीची फुलं पहिल्यांदा बाजूला काढा. ती दुपारीच लागतात आणि त्यांना ताजेपणापेक्षा रंग महत्त्वाचा. हळदीचे फुलांचे दागिने करणार असाल तर मोगऱ्याच्या कळ्या आणि लहान शेवंती वापरा. झेंडूचा डाग पिवळ्या साडीवर दिसत नाही, पण मैत्रिणींच्या पांढऱ्या कुर्त्यावर दिसतो.

दुपारनंतर झेंडूच्या माळा ओवा. लांब सुई, दुहेरी दोरा, फुलाच्या मधोमध. तयार माळा वेटोळं करून डब्यात कोंबू नका, दांडीवर टांगा किंवा ओल्या चादरीखाली सरळ ठेवा. एकट्याने एवढं ओवणं होत नाही. हार ओवणाऱ्या बायका लग्नसराईत मिळणं कठीण, त्यांना पंधरा दिवस आधी सांगून ठेवा आणि नगावर ठरवलेले पैसे काम संपल्या संपल्या हातात द्या. पुढच्या हंगामात त्या तुमच्याकडे आधी येतील.

स्टेजचे तुकडे रात्री भरायला घ्या, पाल्यापासून सुरुवात करून. गुलाब सगळ्यात शेवटी, पहाटे.

मोगरा

मोगऱ्याला वेगळा मथळा देण्याचं कारण असं की लोक लग्न आठवतात ते वासावरून.

मोगऱ्याची कळी सूर्य चढायच्या आत तोडतात आणि ती त्याच संध्याकाळी उमलते. हे लक्षात ठेवलं की बाकी सगळं सुटतं. सकाळच्या मुहूर्ताला त्याच पहाटेच्या घट्ट, पांढऱ्या, टपोऱ्या कळ्या घ्या. हिरवट कळी उमलत नाही, आणि टोक सैल झालेली कळी आदल्या दिवसाची असते. या गजऱ्याला सकाळी वास कमी येईल. बायका विचारतील, ‘दादा, वास नाही का याला?’ त्यांना सांगा, संध्याकाळी रिसेप्शनला बघा. गोरज मुहूर्त असेल तर नशीबच: मंगलाष्टकं चालू असताना कळ्या उमलत असतात.

कळ्या पाण्यात बुडवू नका, पाणी साठलं की पाकळी तपकिरी होते. ओलसर, घट्ट पिळलेल्या मलमलच्या कपड्यात सैल गुंडाळा आणि थंड पेटीत ठेवा. पेटीच्या तळाला बर्फ, त्यावर जाड टॉवेल, त्यावर कळ्या. बर्फ थेट लागला तर कळी काचेसारखी पारदर्शक होते आणि उमलत नाही. गजरा बांधताना केळीच्या सोपाचा, म्हणजे खांबाच्या सालीचा, दोरा मिळाला तर उत्तम, ओला राहतो आणि देठ कापत नाही. पांढरा सुती दोरा वापराल तर आधी भिजवून घ्या. नायलॉनचा नको. समोरासमोर दोन-दोन कळ्या, एक वेढा, पुन्हा दोन. गाठ आवळाल तर देठ तुटेल, सैल सोडाल तर केसांत माळताना निम्मा गजरा हातात येईल. याचं माप बोटांनाच कळतं.

मुंडावळ्या मोगऱ्याच्या करा किंवा बारीक शेवंतीच्या, पण कपाळावर येणारा भाग सपाट हवा आणि मागे बांधायला दोन्हीकडे वीतभर जास्त दोरा. कानाजवळून लोंबणाऱ्या सरी गालाच्या खाली याव्यात, हनुवटीच्या फार खाली नकोत, घास घेताना मध्ये येतात.

मुहूर्ताची सकाळ

समजा मुहूर्त बारा वाजून पंचवीस मिनिटांचा. मग हार आणि मुंडावळ्या साडेदहाला तयार आणि एका ठरलेल्या माणसाच्या हातात. ‘खोलीत ठेवलेत’ असं सांगू नका. खोलीला कुलूप लागतं आणि किल्ली मामांकडे असते. स्टेज नऊला पूर्ण. प्रवेशाचं तोरण आणि रांगोळीच्या पाकळ्या साडेआठला, कारण पाहुणे नाश्त्याला येतात. गुरुजींचं ताट सातला. हॉलमध्ये शिरणं सहाला. गुलाब खोचणं घरी, साडेतीनपासून, आणि मोगरा आला की गजरे. बाजारातून मोगरा आणि सोनचाफा एक माणूस स्वतंत्र घेऊन येईल. या पहाटे बाजार आणि हॉल दोन्ही एकट्याने करता येत नाही.

टेम्पोत हार उभे टांगा, खाली ठेवू नका. बादल्यांत चार बोटंच पाणी, म्हणजे वळणावर सांडणार नाही. गाडीचा मागचा भाग ताडपत्रीने झाका पण बाजूने हवा खेळू द्या.

हॉलमध्ये आधी गुरुजींचं ताट, मग स्टेज, शेवटी दरवाजा. फवारा मारायचा तो स्टेजच्या फुलांवर, तोही नऊच्या आधी. हारांवर मुहूर्ताच्या तोंडावर पाणी मारू नका. ओला हार पैठणीवर पडला की जरीखालचा रंग उतरू शकतो, आणि नवऱ्याच्या रेशमी कुर्त्यावर पाण्याचा डाग उमटतो. हार कोरड्या, जाळीदार टोपलीत, वर ओलसर कापड, कापड फुलांना न टेकवता.

गाडी सजवायची असेल तर ती सगळ्यात शेवटी, पाठवणीच्या तासभर आधी, सावलीत. उन्हात तापलेल्या पत्र्यावर लावलेलं फूल अर्ध्या तासात जातं. चिकटपट्टी रंगावर लावू नका, मालक भांडायला येतो. रबरी चूषक काचेवर लावून त्यांना माळा बांधा. समोरची काच पूर्ण मोकळी.

मुहूर्तानंतर तुमचा एक माणूस तासभर थांबू द्या. हाराची पाकळी गळते, आहेराच्या गर्दीत तोरण ओढलं जातं, कोणाला तरी अजून दोन गजरे हवे असतात. त्याच्याकडे सुई-दोरा, कात्री, पिना, पावशेर सुटी फुलं आणि थोड्या कळ्या असाव्यात.

उतरवताना

हॉलवाल्यांना जागा लवकर रिकामी हवी असते, त्यामुळे फुलं, तारा, पुठ्ठा, फोम सगळं एकाच काळ्या पिशवीत जातं. तसं होऊ देऊ नका, चार गोण्या आधीच वेगळ्या लावा. तारा, पिना आणि सुया पहिल्यांदा काढा. गाईच्या पोटात जाऊ नयेत म्हणूनही आणि पुढच्या लग्नाला वापरता येतात म्हणूनही. फुलं-पाला खताला द्या. सोसायटीत खड्डा असेल तर तिथे, नाहीतर महापालिकेच्या ओल्या कचऱ्यात. मासुंदा किंवा उपवन तलावात फुलं सोडणं म्हणजे निर्माल्य विसर्जन नव्हे, कुजताना ती पाण्यातला प्राणवायू खातात आणि मासे मरतात. झेंडूच्या काही माळा सावलीत वाळवून ठेवल्या तर पाकळ्यांच्या बुडाशी काळ्या काड्यांसारखं बी मिळतं. संकरित जातीचं बी सारखंच उगवेल याची हमी नाही, पण कुंडीला पुरतं.

रिकाम्या बादल्या, टोपल्या, थंड पेटी मोजून टेम्पोत चढवा आणि यादीवर खूण करा. बादल्या केटररच्या ढिगात मिसळतात आणि परत मिळत नाहीत, त्यामुळे आधीच त्यांच्या बुडाला रंगाने नाव लिहून ठेवलेलं बरं. उरलेले पैसे त्याच संध्याकाळी, रिसेप्शन सुरू व्हायच्या आत मागा. पाठवणीनंतर नवरीच्या वडिलांकडे पैशाचा विषय काढायला कोणाचंच तोंड उघडत नाही.